आठ वाजले की सांग

मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी ताईचा मेसेज आला. मी कंपनीच्या बसमध्ये होतो, पाथर्डी फाटा नुकताच मागे पडला होता, आणि खिडकीच्या फटीतून येणाऱ्या गार वाऱ्याला भिऊन अर्धी बस मफलरात तोंड खुपसून झोपली होती. घरच्या ग्रुपवर दोनच ओळी. ‘उद्या आठला ह्यांना आत नेणार आहेत. ज्याने त्याने असाल तिथे दोन मिनिटं प्रार्थना करा.’ ह्यांना म्हणजे दाजींना. तीन ठिकाणी ब्लॉक, बायपास ठरलेली. ते सगळ्यांना माहीत होतं. बस अंबडच्या वळणाला लागेपर्यंत खाली उत्तरांची रांग लागली. सिन्नरच्या मावशीचं ‘आई सप्तशृंगी पाठीशी आहे’, पुण्याच्या वहिनीचं ‘श्री स्वामी समर्थ’, दुबईच्या चुलतभावाचे नुसतेच जोडलेले हात, एकापाठोपाठ पाच. मी ‘हो, नक्की’ लिहिलं आणि खोडलं, कारण मी प्रार्थना करत नाही आणि हे त्या ग्रुपवरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मग ‘मी करत नाही, पण’ असं लिहिलं आणि त्या ‘पण’पाशीच अडकलो. तेही खोडलं. गेटवर पंचिंगच्या रांगेत उभा असताना शेवटी लिहिलं, ‘डॉक्टर चांगले आहेत, काळजी करू नकोस. मनाला शांती मिळत असेल तर प्रार्थना चांगलीच.’ पाठवलं आणि स्वतःवर खूश झालो. खोटं बोललो नव्हतो, कोणाला दुखावलंही नव्हतं. एकतीस वर्षं मी क्वालिटीत आहे. असा माल समोर आला असता तर बिनदिक्कत पास केला असता.

संध्याकाळी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा ताई तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टसमोरच्या स्टीलच्या खुर्चीत बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत रिपोर्टांची फाइल, चहाचा थर्मास, आणि धुतलेल्या नॅपकिनात गुंडाळलेली पोथी. कॉरिडॉरमध्ये फिनेलचा वास आणि खालच्या कँटीनमधून वर येणारा फोडणीचा वास एकमेकांत मिसळले होते. मी शेजारी टेकलो. दाजींचं बीपी, भूलवाले डॉक्टर काय म्हणाले, सही कुठे कुठे केली, हे सगळं झालं. मग ती समोरच्या भिंतीकडे बघतच म्हणाली, “ते शांतीचं कशाला लिहिलंस रे?”

“का? चांगलंच लिहिलं की.”

“चांगलं? मी काय झोपेची गोळी घेते का? मला शांती नकोय. मला हे घरी यायला हवेत. ज्याच्याकडे मागतेय तो ऐकतो असं मला वाटतं, म्हणून मागतेय. तू म्हण ना, कोणी ऐकत नाही. ते मी चाळीस वर्षं ऐकतेय, त्याचं काही नाही. पण असं डोक्यावरून हात फिरवू नकोस माझ्या.”

आवाज चढला नव्हता तिचा. वॉर्डातून कोणीतरी हाक मारली म्हणून ती उठून गेली, आणि मी त्या पिशवीशेजारी, शाळेत बाकावर उभं केल्यासारखा बसून राहिलो.

आम्ही पंचवटीत वाढलो. पंचवटीत वाढणं म्हणजे देवाच्या अंगणात वाढणं, आणि अंगणात वाढलेल्या पोरांना अंगणाचं काय कौतुक. वडील पहाटे ‘गंगेवर जाऊन येतो’ म्हणून निघायचे. गोदावरी असं नाव भूगोलाच्या पुस्तकात होतं, घरात नव्हतं. ओल्या पंचाचं टोक खांद्यावर, हातात तांब्या, आणि येताना कधीमधी रामकुंडावर भेटलेल्या परगावच्या माणसाची गोष्ट. कोण कुठून अस्थी घेऊन आला, कोणाच्या पिंडाला कावळा शिवेना. ती गोष्ट चहाबरोबर व्हायची. मला त्या कावळ्याची फार काळजी वाटायची. एवढ्या लोकांनी एकाच वेळी बोलावलं तर बिचारा जाईल कुठे?

नऊ वर्षांचा असताना, १९७९ साली, मला विषमज्वर झाला. मला त्यातलं आठवतं ते एवढंच की छताच्या सरातून एक पाल सतत माझ्याकडे बघायची आणि तोंडाला बार्लीच्या पाण्याची चव होती. बाविसाव्या दिवशी ताप उतरला. आईने वणीच्या देवीला बोललेलं होतं, पोर उठून बसलं तर अनवाणी गडावर येईन. पुढच्या चैत्रात ती गेली. नाशिक, दिंडोरी, वणी, नांदुरी, आणि मग वरचा गड, साठेक किलोमीटर. खानदेशातून पायी येणाऱ्या लोकांपुढे हे काहीच नाही, ती स्वतःच तसं म्हणायची. पण चैत्रातल्या डांबराला हे ठाऊक नसतं. परत आली ती एसटीने, आणि ओट्याशेजारी बसून कोमट पाण्याच्या घमेल्यात पाय सोडले. तळव्यांची कातडी पाण्यात पांढरी, सैल होऊन तरंगायला लागली. ताई तेव्हा तेरा वर्षांची. ती कापसाने खोबरेल लावत होती आणि मी दाराआडून बघत होतो. ते माझ्यासाठी होतं हे मला कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच जवळ जाववत नव्हतं.

सतराव्या वर्षी, अकरावीत चार पुस्तकं वाचून आलेल्या मस्तीत, मी आईला म्हणालो, “मला देवीने नाही, क्लोरँफेनिकॉलने बरं केलं.” गोळीचं ते नाव मी मुद्दाम डॉक्टरांना विचारून आलो होतो. आई पोळ्या लाटत होती. म्हणाली, “बरा झालास ना? मग ज्याचं नाव घ्यायचं त्याचं घे. पाय माझे भाजले.” आणि पुढची पोळी तव्यावर टाकली. मी जिंकलो असं मला तेव्हा वाटलं होतं. असं बरेच दिवस वाटत राहिलं.

नंतरची काही वर्षं मी वादाचा पैलवान होतो. फ्रान्सिस गाल्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाचा १८७२ मधला एक लेख कुठूनसा हाती लागला होता. इंग्लंडात चर्चमध्ये राजाराणीच्या दीर्घायुष्यासाठी सगळी प्रजा नित्यनेमाने प्रार्थना करते. मग राजघराण्यातले लोक जास्त जगायला हवेत. गाल्टनने आयुर्मानं मांडून बघितली, तर सुखवस्तू लोकांत राजेच सगळ्यांत कमी जगत होते. हे हत्यार घेऊन मी वडिलांच्या एका कीर्तनकार मित्रावर चालून गेलो. बुवांनी सगळं ऐकून घेतलं, तपकीर ओढली, नाक पुसलं, आणि म्हणाले, “राजासाठी मागणारी प्रजा मनापासून मागत होती, हे कोणी मोजलं?” ओसरीवरची माणसं खो खो हसली. मला राग आला होता. पुढे क्वालिटीत आल्यावर पटलं की बुवांची शंका रास्त होती. आत काय चाललंय ते न तपासता बाहेरून मोजलेलं माप आम्हीही धरत नाही. तुकोबांनी नवसाला कसं झोडपलंय हेही बुवांनीच मला पुढे सांगितलं, हसत हसत, माझ्या बाजूचा माल मलाच फुकट दिल्यासारखं.

ही भांडणं ओसरीवरची होती आणि ओसरीवरच मिटायची. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांना सकाळी फिरायला गेलेले असताना गोळ्या घातल्या, त्या दिवशी कंपनीत मला पहिला फोन आला तो ताईचा. देवाधर्माचं सगळं करणारी ताई. म्हणाली, “तू कुठे आहेस? जपून बोलत जा रे.” आणि मग थोडं थांबून, “माझ्याशी भांड हवं तेवढं.” देव मानणाऱ्याला त्यांचा विरोध नव्हता, देवाच्या नावावर लुबाडणाऱ्याला होता, हे तिनेच मला ऐकवलं, जणू मला माहीतच नव्हतं.

ताई भाबडी आहे असं तिला न ओळखणाऱ्यांना वाटतं. दाजींचं दुकान भांडी बाजारात, नदीला अगदी लागून. आमच्या गावात पुराचं माप दुतोंड्या मारुतीवरून घेतात. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला आलं, आणि गळ्याला आलं की समजायचं, आता बाजारात शिरणार. उघड्यावर, भर पात्रात, उन्हापावसात उभा असलेला हा एकच देव मला मनापासून आवडतो, कारण तो आमच्या खात्यातला आहे. गेज आहे तो. २०१६ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढायला लागलं तेव्हा मी आणि भाचा दुकानातले पितळी हंडे पोटमाळ्यावर चढवत होतो. ताई गुडघाभर पाण्याच्या कडेला उभी राहून धरणावरच्या कोणा ओळखीच्याला फोनवर विचारत होती, “गंगापूरमधून किती क्युसेक सोडलंय? पुढच्या तासाला वाढवणार का?” उत्तर ऐकलं, आम्हाला ओरडून सांगितलं की अजून दोन फळ्या वर न्या, आणि मग पिशवीतून खण, नारळ, तांदूळ काढून गंगेची ओटी भरली. क्रम लक्षात घ्या. आधी क्युसेक, मग ओटी. भाचा माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होता, पण मला त्या क्षणी हसू आलं नाही. मी हंडे चढवत होतो, ती ओटी भरत होती, आणि पाणी आपल्या गतीने येत होतं.

माझं तरी काय स्वच्छ आहे? खंडेनवमीला आमच्या खात्यात गेजची पूजा होते. सरफेस प्लेटवर स्वच्छ फडकं, त्यावर मायक्रोमीटर, व्हर्नियर, प्लग गेज ओळीने मांडलेले, प्रत्येकाला हळदकुंकवाचं बोट, झेंडूचं फूल. सगळ्यांत जुना म्हणून नारळ मी फोडतो. हळदीचा कण स्पिंडलमध्ये जाऊ नये म्हणून मी आधी मायक्रोमीटर घट्ट बंद करतो, आणि दुसऱ्या दिवशी सगळी हत्यारं स्पिरिटने पुसून पुन्हा झीरो तपासतो. पण नारळ फोडतो. पोरांना आवडतं, पेढे वाटले जातात, वर्षभर ज्या गोष्टींच्या भरवशावर जगलो त्यांच्यापुढे एक दिवस वाकलो, असं काहीबाही मी स्वतःला सांगत असतो. ताईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली होती, “तू मानत नाहीस, पण तो तुला मानतो. तुझं कामच तुझा देव.” मला तेव्हा अंगावर झुरळ चढल्यासारखं झालं होतं. का, ते मात्र मला त्या मंगळवारच्या संध्याकाळपर्यंत नीट सांगता आलं नसतं.

मंगळवारी संध्याकाळीच रक्ताचीही सोय झाली. ब्लड बँकेने बदली रक्तदाते आणा म्हणून सांगितलं तेव्हा मी शिफ्टमधल्या मित्राला फोन केला. वीस वर्षं शेजारच्या टेबलावर बसतो तो. त्याच्या आजोबांनी काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात दारापाशी बसून काठ्या खाल्लेल्या. २ मार्च १९३० पासून पुढची काही वर्षं ते आंदोलन चाललं, बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली, भाऊराव गायकवाड इथला गाडा ओढत होते. मंदिराचे दरवाजे बंद, चारही दारांशी माणसं. रामनवमीला रथ ओढण्याच्या वादातून दगडफेक झाली. आणि तरी दार उघडलं नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला इथून जवळ येवल्यात ती घोषणा झाली, हिंदू म्हणून मरणार नाही ही. मी लहानपणी त्याच मंदिराच्या ओवरीत उन्हाळ्याच्या सुट्टीत लपंडाव खेळलोय. दगड गार असतात तिथले. मित्राला एकदा हे सांगितलं तर तो म्हणाला, “देव सगळ्यांचं ऐकतो, हे वाक्य आमच्या आजोबांनी दाराबाहेरून ऐकलंय.” पुढे काही बोलला नाही. मीही नाही. प्रार्थनेवर मी केलेल्या सगळ्या हुशार वादांत हे वाक्य बसत नव्हतं. बुवांच्या ओसरीवर त्याला बसायला मिळालं असतं का, हा प्रश्न मला पन्नाशीत पडला.

तर तो आला, रक्त दिलं, दंडावर कापसाचा बोळा दाबून वर आला. ताईने थर्मासमधला चहा ओतला. तिच्या पिशवीत देवीचा अंगारा होता, प्रसादाच्या साखरफुटाण्यांची पुडी होती. पुडीकडे हात गेला आणि थांबला. “तुम्हाला चालतं का, भाऊ?” तिने विचारलं. “प्रसाद नको ताई. चहा द्या,” तो म्हणाला, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. तो विहारात जातो, वंदना घेतो. एकदा त्यानेच समजावलं होतं, आमच्या वंदनेत मागणं नसतं, ज्याने वाट दाखवली त्याला नमस्कार असतो. दीड-दोन तास बसला होता. निघताना ताई म्हणाली, “देवानेच पाठवलं तुम्हाला.” माझ्या कपाळावर आठी चढली. माणसाने सुट्टी टाकून, सातपूरहून गाडी मारत येऊन रक्त द्यायचं, आणि पावती देवाच्या नावाने फाडायची? मित्र मात्र हसला. “ताई, मला तुमच्या भावाने फोन केला होता.” ताई म्हणाली, “त्याला कोणी सुचवलं?” “त्याला दुसरं कोणाचं रक्त ‘ओ पॉझिटिव्ह’ आहे ते माहीत नाही,” तो म्हणाला. ती खळखळून हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा.

मला वाटतं, त्या दोघांत जे झालं ते मला जमत नाही. दोघांपैकी कोणीही एक इंच मागे सरकलं नव्हतं.

रात्री कँटीनमध्ये भाचा मोबाईल घेऊन बसला होता. पुण्याला आयटीत आहे, हुशार आहे, आणि बापाच्या काळजीने त्याचा चेहरा उतरला होता. काळजी असली की आमच्या घरातली माणसं आकडे शोधतात. “मामा, हे बघ. बायपासवरच केलंय.” २००६ मधला अमेरिकेतला अभ्यास होता. सहा हॉस्पिटलं, १,८०२ पेशंट, तीन गट. एका गटासाठी लोकांनी प्रार्थना केली, दुसऱ्यासाठी नाही, आणि या दोन्ही गटांना सांगितलं होतं की तुमच्यासाठी होईल किंवा होणार नाही. तिसऱ्यासाठी केली आणि तसं त्यांना स्पष्ट सांगितलं. ऑपरेशननंतर काही ना काही गुंतागुंत झाली ती पहिल्या गटात ५२ टक्क्यांना, दुसऱ्यात ५१. फरक नाहीच. आणि आपल्यासाठी प्रार्थना चाललीये हे ज्यांना पक्कं ठाऊक होतं, त्यांच्यात ५९. “आईला दाखवू?” तो म्हणाला. “उद्या आठला सगळ्या ग्रुपला कामाला लावलंय तिने.”

पंचवीस वर्षांचा मी असतो तर धावत दाखवायला गेलो असतो. मी नको म्हणालो, आणि लगेच वाटलं, हेही डोक्यावरून हात फिरवणंच झालं. तिला झेपणार नाही हे मी परस्पर ठरवलं. तोवर ताई स्वतःच जेवायला खाली आली. पोळीभाजीचं ताट ठेवून म्हणाली, “काय दाखवतोयस त्याला?” भाच्याने माझ्याकडे बघितलं, आणि दाखवलं.

तिने चष्मा लावून, बोटाने ओळ धरून, मध्ये दोनदा विचारून सगळं समजून घेतलं. मग म्हणाली, “ज्यांनी प्रार्थना केली त्यांना पेशंट माहीत होते?” भाच्याने बघून सांगितलं, पहिलं नाव आणि आडनावाचं एक अक्षर, एवढंच दिलं होतं. “आणि ज्यांच्यासाठी केली नाही, त्यांच्या बायकांनी, पोरांनी पण केली नाही?” तो गप्प. मी म्हणालो, “ते त्यांना थांबवता येणार नव्हतं. कोणी थांबवणारही नाही.” क्वालिटीवाला म्हणून हे मला कबूल करावंच लागलं, तुलनेचा गट स्वच्छ नव्हता. पण मग मीही सोडलं नाही. “ताई, पण तुझं माप असं आहे की त्यात काहीच रिजेक्ट होत नाही. दाजी बरे झाले तर देवाने ऐकलं. नाही झाले तर त्याची इच्छा. प्रत्येक तुकडा पास करणारं गेज आम्ही भंगारात टाकतो.” म्हणेपर्यंत लक्षात आलं नाही मी काय बोललो ते. ‘नाही झाले तर’. तिच्या हातातला घास तसाच राहिला. भाच्याने खाली मान घातली.

ती बऱ्याच वेळाने बोलली. “आई वारली तेव्हा मी मागितलंच होतं ना. नाही मिळालं. तेव्हा त्याची इच्छा वगैरे काही म्हटलं नव्हतं मी. सहा महिने देवघराचं दार उघडलं नाही, तुला माहितेय?” मला माहीत नव्हतं. एकाच गावात राहतो आम्ही. “मग का उघडलंस?” मी विचारलं. “भांडायला,” ती म्हणाली. “ज्याच्यावर राग आहे तो तिथे नसता तर राग कोणावर धरला असता? हे तुझ्या गेजमध्ये बसत नाही, मला कळतंय. बसवूही नकोस.” मी म्हणालो, नाहीच बसत. आणि मग, ओघातच, इतकी वर्षं साचलेलं मीही बोललो, की तू जेव्हा म्हणतेस ना, तुझं कामच तुझा देव, तो तुला मानतो, तेव्हा मलाही नेमकं हेच होतं. मी नाही म्हणतो त्याचा अर्थ नाहीच आहे. आत कुठे हो लपलेला नाही. तिने मान वर करून बघितलं. “म्हणजे मी पण हात फिरवते?” “फिरवतेस.” “बरं,” ती म्हणाली, आणि वरणाची वाटी माझ्याकडे सरकवली, कारण तिला कँटीनचं वरण आवडलं नव्हतं.

पहाटे वॉर्डातली सिस्टर दाजींना तयार करायला आली. शरणपूरकडची, घरी दोन पिढ्या नर्सिंगमध्ये. मी तिथल्या जुन्या मिशनबद्दल विचारलं तर तिच्या पणजीच्या तोंडच्या गोष्टी सांगत होती. काम आटोपल्यावर तिने दाजींनाच विचारलं, “काका, मी तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल?” दाजी म्हणाले, “कर की बाई. बाळ येशूला मी पण जातो, नाशिकरोडला.” तिने डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं, दहा सेकंद असेल. माझ्या डोक्यात राहिलं ते तिचं ‘चालेल?’ विचारणं. आधी सलाइनची सुई लावतानाही तिने तसंच विचारलं होतं.

पावणेआठला स्ट्रेचर आत गेलं. ताईने मला तिचा मोबाईल दिला, चष्मा दिला आणि खुर्चीत ताठ बसली. “माझं घड्याळ पुढे आहे. आठ वाजले की सांग. सगळे एकदमच करणार आहेत.” मला एवढंच काम दिलं होतं आणि ते मी नीट करणार होतो. माझं घड्याळ मी दर सोमवारी मिळवून घेतो. सेकंदकाटा बारावर आला आणि मी म्हणालो, “ताई, आठ.” तिने डोळे मिटले. सिन्नरला मावशी, पुण्याला वहिनी, दुबईत तो चुलतभाऊ, तिकडे साडेसहाच वाजले असणार, सगळे कुठे कुठे बसले असतील. समोर लिफ्ट आली, गेली. एक मामा फरशी पुसत आमच्या पायांपर्यंत आले, ताईकडे बघून थांबले आणि वळसा घालून पुढे गेले. मी काट्याकडे बघत होतो. दोन मिनिटं झाली ती मी सांगितली नाहीत. तिने विचारलंही नाही. चार मिनिटं वीस सेकंदांनी तिने डोळे उघडले आणि म्हणाली, “झाली का दोन?” मी हो म्हणालो.

ऑपरेशन सुखरूप झालं. दाजी अकराव्या दिवशी घरी आले आणि पंधराव्या दिवसापासून अळणी जेवणाबद्दल कुरकुर करायला लागले. ग्रुपवर ताईने लिहिलं, ‘देवीची कृपा. डॉक्टरांचे, सिस्टरांचे, रक्त देणाऱ्या भाऊंचे उपकार.’ माझी ती शांतीची ओळ अजून वर तिथेच आहे, ती खोडायची मुदत केव्हाच उलटून गेली.

मार्चमध्ये, चैत्राची गर्दी सुरू व्हायच्या आत, ताई म्हणाली, गडावर जायचंय, बोललेय मी. गाडी मी काढली. आता वर फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, २०१८ पासून. दाजींना आणि भाच्याला तिच्यात बसवलं. ताई पायऱ्यांनी जाणार होती, पाचशेच्या आसपास आहेत. चपला गाडीतच ठेवल्या तिने. मी तिच्या मागे निघालो, एकोणसाठ वर्षांची बाई एकटी कशी सोडायची म्हणून. ऊन वर आलं होतं, पायरी तापायला लागली होती, आणि पुढे चाललेल्या ताईचे तळवे मला दर पावलाला दिसत होते. आईसारखेच, टाचेला भेगा, बाहेरच्या कडेला झिजलेले. आईने जी देवी पाहिली ती शेंदराच्या जाड लेपाखालची. २०२२ मध्ये तो लेप काढला, आणि आता दिसतो तो चेहरा आईने कधी पाहिलाच नाही. ताईला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, “तिला दिसत असेल.” मी म्हणालो, “नसेल.” ती म्हणाली, “बरं.”

ती नाव घेत चढत होती. मी पायऱ्या मोजत होतो. सवय आहे, जिना चढताना मी मोजतोच. समोरून उतरणारी एक म्हातारी, डोक्यावर पदर, कपाळभर कुंकू, माझ्या हलणाऱ्या ओठांकडे बघून थबकली. दोन्ही हात जोडून म्हणाली, “चालू द्या माउली, चालू द्या. आई ऐकतीये.”

ताईने वळून बघितलं आणि तिला हसू आवरेना. कठड्याला धरून ती तिथेच पायरीवर बसली. “अहो, मोजतोय तो,” म्हातारीला सांगायला गेली, पण ती तोवर खाली उतरून गेली होती. पदराने डोळे पुसत ताई म्हणाली, “किती झाल्या?”

“दोनशे सदतीस.”

“मग चल,” ती म्हणाली, आणि उठायला हात पुढे केला.